रकाना कोणी आखला?

भाकरी थापत ऐकत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडं द्या.

आजचा विषय असा आहे की, परक्यांचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी त्यांच्या कारभारातलं काय काय आपल्या घरात अजून शिल्लक आहे. असा विषय निघाला की रेल्वे, चहा, क्रिकेट आणि इंग्रजी शाळा एवढं सगळेच सांगतात. मी आज कागदाबद्दल बोलणार आहे. आपल्या पेटीत, ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या कागदाबद्दल.

आपल्या बीड जिल्ह्यात २०२३ पासून जुन्या कागदांना केवढा भाव आला, ते तुम्ही बघितलंच. सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले बस्ते सुटले. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबद्दल शासन निर्णय निघाला. आरक्षण कुणाला मिळावं, कसं मिळावं, यावर घरोघरी वेगळं मत आहे. त्या वादात मी आज जाणार नाही. मला एवढंच दाखवायचंय की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या कारकुनानं एका रकान्यात एक शब्द लिहिला, आणि आज त्या शब्दावर एखाद्या पोराची फी ठरते, कुणाची नोकरी ठरते. एवढी ताकद त्या रकान्यात आहे.

आता विचार करा. या शोधाशोधीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं सगळ्यांनी पाठ केली. आजीच्या किंवा पणजीच्या नावानं नोंद शोधायला कुणी गेल्याचं तुम्ही ऐकलंय का? सहसा नाहीच. कारण त्या कागदांत ती बहुतेक नसतेच. लग्न झालेल्या बाईला जातीचा दाखला काढायचा असेल तर माहेरचे कागद लागतात, म्हणजे वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. मग पणजी कुठं गेली? ती तर शेतात होती, जात्यावर होती, बाळंतपणात होती. फक्त कागदात नव्हती.

तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडं इंग्रज होते कुठं? आपण तर निजामाच्या राज्यात होतो. खरंय. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला तो निजामाकडून. पण निजामानं १७९८ सालीच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती. त्या फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. हैदराबादला इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला असायचा. पहिले सालारजंग दिवाण असताना १८६५ च्या सुमारास जिल्हे पाडले गेले, वसुलीची घडी बसवली गेली. मराठवाड्यातली जमीन मोजायची पद्धत शेजारच्या मुंबई इलाख्यातून घेतली. म्हणजे तख्त निजामाचं, दप्तर फारसीत आणि नंतर उर्दूत, पण जमीन कशी मोजायची, कुणाच्या नावानं लिहायची, हा साचा इंग्रजांचा.

मुंबई इलाख्यात हा साचा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३० नंतर इंदापूर भागापासून बसवत नेला. शेताला नंबर द्यायचा, हद्दीला दगड लावायचा, माती बघून आकार ठरवायचा आणि त्या नंबरापुढं एक नाव लिहायचं. ज्याच्या नावापुढं नंबर, तो सारा भरणार. सरकारला ती जमीन कोण कसतं, कोण खुरपतं, बियाणं कोण राखून ठेवतं, याच्याशी काही घेणं नव्हतं. सारा थकला तर कुणाला धरायचं, एवढंच हवं होतं. म्हणून तो रकाना वसुलीसाठी आखला होता. हक्क कुणाचा हे सांगण्यासाठी तो नव्हताच. पण दिवस गेले तसं लोकांच्या मनात एक पक्कं झालं की ज्याचं नाव त्याची जमीन.

आता तुमचा सातबारा आठवा. जुन्या सातबाऱ्यावर काही घरांत नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. आपल्या घराचा मॅनेजर! हा शब्द नांगरटीतून आलेला नाही, तो इंग्रजी कोर्टातून आला. मोठ्या भावाचं नाव मॅनेजर म्हणून लागायचं. धाकट्या भावांचा हिस्सा असला तरी नाव दिसायचं नाही, मग बहिणींचं आणि बायकांचं कुठून दिसणार? दुसरा शेरा ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा वारला आणि पोरं लहान असली की त्यांच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ असं लागायचं. बाईचं नाव आलं खरं, पण कशासाठी? पोरगं मोठं होईपर्यंत राखण करणारी म्हणून. विधवेचं नाव वारस म्हणूनही लागायचं, नाही असं नाही. पण नवरा जिवंत असताना, धडधाकट बाई दिवसभर त्याच रानात राबत असताना, तिच्यासाठी रकाना नव्हता.

आणि आपल्या मराठवाड्यातली ओळख असलेली ती दोन अक्षरं बघा, ‘पि.’ आणि ‘भ्र.’. पुरुष असेल तर अमुक पि. तमुक, म्हणजे बाप अमका. बाई असेल तर अमुक भ्र. तमुक, म्हणजे भ्रतार अमका. भ्रतार म्हणजे नवरा. पुरुष मरेपर्यंत बापाच्या नावानं ओळखला जातो आणि बाई नवऱ्याच्या. कितीतरी बायका मला विचारतात, ‘ताई, हे भ्र. म्हणजे काय गं?’ जन्मभर आपल्या नावाच्या पुढं बसलेलं अक्षर, आणि त्याचा अर्थ आपल्यालाच माहीत नाही.

आता कायद्याचं बघू. इंग्रजांनी १७७२ मध्ये बंगालात ठरवलं की वारसा, लग्न या बाबतीत हिंदूंचा न्याय शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांचा कुराणाप्रमाणे करायचा. ऐकायला बरं वाटतं. पण गावोगावी, जातीजातीत रीती वेगळ्या होत्या. काही ठिकाणी बाईला जास्त मिळायचं, काही ठिकाणी कमी. कोर्टानं पोथीत लिहिलेलं मोठं धरलं, आणि रीत सांगायची असेल तर ती पुराव्यानं शाबीत करा म्हटलं. पोथी वाचणारे कोण? पुरुष. पुराव्याला उभे राहणारे कोण? तेही पुरुषच. अशानं जे थोडंफार वाकत होतं, ते कडक झालं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क मात्र तेव्हा मिळाला नाही. आपल्या महाराष्ट्रानं तो २२ जून १९९४ पासून दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. सगळ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून तो आला, तेव्हा लग्नाची अट राहिली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ मध्ये बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे कायदा बदलला. पण कागद बदलला का? बाप गेला की तेराव्यानंतर भाऊ बहिणीला तहसीलला नेतो, हक्कसोडपत्रावर सही घेतो, आणि साडीचोळी करून वाटी लावतो. बहीण सही करते, कारण माहेर तुटायला नको. मी त्या बहिणीला नावं ठेवत नाही. माहेर ही आपल्या बाईची एकुलती एक बँक असते, अडीनडीला तिथंच जायचं असतं. पण सही करण्याआधी आपण काय सोडतोय, किती एकर सोडतोय, एवढं तरी तिनं वाचलेलं असावं.

जमिनीच्या रकान्याचं हे झालं. दुसरा रकाना माणसांचा, म्हणजे जनगणनेचा.

सगळ्या हिंदुस्थानात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ सालची. हैदराबाद संस्थानातही पहिली जनगणना तेव्हाच झाली. इंग्रज सरकारला माणसं नुसती मोजायची नव्हती, त्यांना जातीवार खाने पाडायचे होते. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले नावाच्या साहेबानं कोणती जात वरची, कोणती खालची, अशी उतरंड लावायचा घाट घातला. झालं, देशभरातून अर्जांचा पाऊस पडला, आम्हाला अमक्याच्या वर लिहा, तमक्याच्या खाली लिहू नका. बर्नार्ड कोन नावाचे एक अमेरिकन अभ्यासक होते. त्यांनी जनगणनेवर लिहिताना हेच दाखवलं की मोजणारा नुसतं मोजत नाही. त्यानं आखलेल्या खान्यात बसता बसता माणसं स्वतःकडं तसंच बघायला लागतात. जात इंग्रजांनी आणली असं कुणी म्हणू नये. जात आपली, तिचे चटके आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना दिले. पण सैल-घट्ट, गावागावाला वेगळी असलेली गोष्ट त्यांनी छापील यादीत पक्की केली, आणि ती यादी सोडून ते गेले.

त्या जनगणनेतली बाईची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मोजणाऱ्याला सूचना असायची की घरमालकाला घरातल्या बाईचं नाव सांगायला हरकत असेल, तर त्याला जास्त छेडू नका, नुसतं ‘स्त्री’ लिहा. बघा, डोकं मोजलं, नाव गेलं.

आणि कामाचा रकाना? पुरुषापुढं शेती, सुतारकी, व्यापार असं काहीतरी यायचं. बाई नुसतं घर बघते म्हटलं की ती काम न करणारी. हा हिशेब अजून गेलेला नाही. २०११ च्या जनगणनेतसुद्धा वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, त्याहून कमी केलं तर सीमांतिक, आणि घरकामच करत असेल तर काम न करणारी, अशीच वाटणी होती. आता तुम्ही सांगा. पहाटे उठून पाणी, शेण, दूध, स्वयंपाक, मग खुरपणी, वेचणी, संध्याकाळी परत चूल. दारात मोजणारा आला की ओट्यावरचा बाप्या सांगतो, ‘ती? ती काय नाही करत, घरीच असते.’ आणि लिहिलं जातं, काम नाही.

खरं तर शेतात बिनपगारी राबलं तरी ते काम धरायचं, असं जनगणनेच्या सूचनांतच आहे. पण सांगणाऱ्यानं सांगितलं तर ना.

आपल्या जिल्ह्याला हे सगळ्यात जास्त लागतं ते ऊसतोडीत. दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, आणि हिशेबात एक कोयता. उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळी बांधायची तिनं, डोक्यावर घेऊन गाडीत भरायची तिनं, कोपीवर येऊन भाकरी करायची तिनं. एखादा दिवस आजारी पडली तर खाडा मात्र दोघांचा. साखर कारखाने काही इंग्रजांनी काढले नाहीत, ते आपल्या लोकांचे, बरेचसे सहकारी. म्हणूनच मी म्हणते की इंग्रज गेले, निजाम गेला, पण रकाना आखायची सवय आपण ठेवून घेतली. घराला एकच नाव, ते पुरुषाचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या पोटात मावायचं.

मग शिकलेल्या लोकांनी या सगळ्यावर काय विचार केला? बी.ए.ला असताना माझा विषय इतिहास. त्या निमित्तानं रणजित गुहा हे नाव कानावर आलं. बंगालचे मोठे इतिहासकार. १९८२ पासून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी इतिहासाचे बरेच ग्रंथ काढले. त्यांचं म्हणणं असं की आपला इतिहास एक तर साहेबांचा झाला, नाहीतर मोठ्या पुढाऱ्यांचा. शेतकरी, मजूर, आदिवासी, बाया यांचा इतिहास कुठाय? तो सरकारी कागदातच आहे, पण उलटा वाचावा लागतो. गुन्हेगार म्हणून, आरोपी म्हणून ही माणसं कागदात येतात, आणि तिथंच त्यांचं बोलणं थोडं थोडं सापडतं.

गुहांनी १९८७ साली एक लेख लिहिला, चंद्रा नावाच्या बाईवर. १८४९ सालची बंगालातली गोष्ट. चंद्रा बागदी जातीची, गरीब घरची. नात्यातल्या पुरुषापासून तिला दिवस गेले. त्यानं निरोप धाडला की पोट पाडा, नाहीतर तिला वाळीत टाकून वैराग्याच्या मठात घालतो. चंद्राची आई, बहीण आणि नात्यातल्या बाया जमल्या, औषध आणलं. त्यात चंद्रा गेली. कागदात काय आहे? आईचा जबाब, बहिणीचा जबाब आणि औषध देणाऱ्याचा जबाब. सरकारच्या लेखी तो नुसता गुन्हा. गुहांनी तेच चार कागद परत वाचले आणि दाखवलं की गावानं, पंचांनी, पुरुषानं पाठ फिरवल्यावर या गरीब बाया एकमेकींना धरून उभ्या राहिल्या होत्या. तिला मारायला त्या जमल्या नव्हत्या, तिची अब्रू आणि तिचं घर वाचवायला जमल्या होत्या.

गायत्री स्पिवाक या दुसऱ्या बंगाली बाईंनी १९८८ मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला. सगळ्यात खालची बाई बोलली तरी ऐकतं कोण? साहेब तिच्या वतीनं बोलतो, घरचा पुरुष तिच्या वतीनं बोलतो, दोघांच्या भांडणात तिचं बोलणं हरवतं. हा प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांत गाजला. पण आपल्याला त्याचा अर्थ समजायला विद्यापीठ लागत नाही. ग्रामसभेत जाऊन बघा.

आणि आपल्या मराठीत तर हे बोलणारी बाई त्याच्या शंभर वर्षं आधी होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नावानं खडे फोडले, तेव्हा चिडून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. पुरुषांना तर त्यांनी धारेवर धरलंच, राज्यकर्त्यांनाही सोडलं नाही. पण पुढं जवळजवळ नव्वद वर्षं ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते परत छापलं म्हणून आपल्याला मिळालं. म्हणजे बाईनं लिहिलं तरी ते जपून ठेवणारं कुणी लागतं.

आता एवढं सगळं ऐकून करायचं काय? जुने कागद जाळून काही होणार नाही. कागद लागतात, उद्याही लागतील. मी चार कामं सांगते, ती लिहून घ्या.

पहिलं, आपल्या घराचा सातबारा आणि आठ अ काढून वाचा. नुसता बँकेला द्यायला नको, वाचायला काढा. बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही मोहीम केली होती, मग सरकारनं निर्णय काढला. त्याला नवऱ्याचा अर्ज लागतो, म्हणजे आधी घरात बोलावं लागतं. तसंच मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायला २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली. तुमच्या घरी त्यात बहिणींची, आईची नावं आली का, ते तलाठ्याला विचारा.

दुसरं, घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. नवरा दारू पिऊन ‘माझ्या घरातून निघ’ म्हणतो, तेव्हा त्या कागदाची किंमत कळते.

तिसरं, येणारी जनगणना. तिच्यात जातीची नोंद होणार असं केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं. जातीच्या रकान्याबद्दल सगळे तुम्हाला सांगायला येतील, त्याची काळजी नको. कामाच्या रकान्याबद्दल कुणी येणार नाही. मोजणारे आले की स्वतः पुढं व्हा. शेतात किती महिने, तोडीला किती महिने, शेळ्या, कोंबड्या, शिवण, सगळं तोंडानं सांगा. ‘घरीच असते’ हे दोन शब्द उंबऱ्याच्या आत ठेवा.

चौथं, आपल्या समूहाच्या वह्या. हजेरी, बचत, कर्ज, ठराव. पुष्कळजणी म्हणतात, ‘ताई, ते लिहायचं तेवढं तुम्हीच लिहा.’ नाही. आळीपाळीनं लिहा. बँकेला कर्जासाठी लागतं म्हणून तर लिहाच, पण त्या वहीत बाईचं नाव पहिलं येतं, तिच्या पैशापुढं येतं, तिनं मांडलेल्या ठरावापुढं येतं. अमकीनं सुचवलं, तमकीनं अनुमोदन दिलं. गावात असं दुसरं दप्तर नाही. भरलेली वही रद्दीत घालू नका, सुकी जागा बघून ठेवा. पन्नास वर्षांनी नारायणगडच्या पायथ्याच्या बाया कशा जगल्या असं कुणी शोधायला आलं, तर त्याला सातबाऱ्यात आपण सापडू न सापडू, वहीत नक्की सापडू.

सरकारनंही एक पाऊल टाकलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर बाळाच्या नावानंतर आईचं नाव, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं ठरलंय. अंगणवाडीत, दवाखान्यात नाव देताना हे सांगायला विसरू नका. रकाना आता आहे. तो मोकळा राहू द्यायचा नाही, एवढंच आपलं काम.

पुढच्या आठवड्यात समूहाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा एक कागद घेऊन या. सातबारा असो, नमुना आठ असो, नाहीतर रेशन कार्ड. सगळ्या मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारची वाचून दाखवेल. रामराम.